पाचवीच्या वर्गातली पोळीची वाटणी

वडशाच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा पाचवी आणि सहावी एकाच हॉलमध्ये भरायची. मधे भिंत नव्हती, दोन लोखंडी कपाटं होती. कपाटांपलीकडे आमचे मुख्याध्यापक सहावीला इतिहास शिकवायचे. थंडीत इकडे गावोगाव झाडीपट्टीची नाटकं होतात, त्यांत ते खलनायक असायचे, आणि तो आवाज उन्हाळ्यातही उतरायचा नाही. माझा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत जाऊन बसायचा. मागची पोरं माझ्याकडे तोंड करून त्यांचा इतिहास ऐकायची. पहिल्याच चाचणीत भागाकाराच्या प्रश्नाखाली एका पोरीनं किल्ल्याला वेढा कसा पडला ते लिहिलं. सरांनी तो पेपर वाचला आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, बाई."

शेवटी मी त्यांनाच विचारलं, "सर, माझं मागे काहीच पोचत नाही. काय करू?"

"तुमी फळ्याशी बोलून राह्यल्या, बाई. मंडपाच्या टोकाशी बसलेल्या म्हातारीनंही तिकीट काढलेलं असते. तिच्याशी बोला."

मी मनावर घेतलं. अपूर्णांकाच्या तासाला घरून पोळी नेली, पदर खोचला आणि चार दिरांत पोळी वाटणारी कजाग वहिनी झाले. दिरांचे आवाजही मीच काढले. थोरल्याला खडसावलं, धाकट्यासाठी खरंखुरं रडले. सहावीची पोरं कपाटांवर चढली. पोळीचे चार तुकडे करून, त्यातला एक उंच धरून मी "एक छेद चार" म्हणाले, तर टाळ्या पडल्या आणि मागून 'वन्स मोअर' आला. मी दिला. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "एक छेद चार मोठा की एक छेद तीन?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "एक छेद चार." का, तर चार मोठे असतात. वहिनीचे संवाद मात्र सगळ्यांना पाठ होते, धाकट्याच्या रडण्यासकट.

मधल्या सुट्टीत मी सरांपुढे गाऱ्हाणं मांडलं. ते चहा पीत म्हणाले, "नाटक पाहून कोणाले नाटक करता येते का? तुमी खाली बसा अन् पोराईले स्टेजवर चढू द्या."

"मग हे आधीच का नाही सांगितलं?"

"तुमचा सीन रंगून राह्यला होता. मधात कसं बोलू?"

टाळ्या मिळालेली भूमिका सोडणं मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. तरी पुढच्या तासाला माझा जेवणाचा डबा मी पोरांच्या हवाली केला आणि मागे जाऊन बसले.

पहिल्या बाकावरची पोरगी वहिनी झाली. तिनं तीनच दीर घेतले. वहिनी काय उपाशी राहते, असं तिचं म्हणणं. पोळीचे चार तुकडे झाले. आपला तुकडा तिनं उलटापालटा करून पाहिला आणि धाकट्या दिराला म्हणाली, "तू जाय."

"मले काऊन काढून राह्यली?"

"तू गेला का माहा तुकडा मोठा होते."

तिनं डब्यातली दुसरी पोळी काढून तिघांत वाटली आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून त्याला दाखवले. मी तोंडावर हात ठेवून गप्प बसले होते. इतकं अवघड काम मी शाळेत दुसरं केलेलं नाही. तो हाकललेला दीर रागारागानं फळ्यापाशी गेला. "म्हणजे एक छेद तीन मोठा? मंग काल सगळे चार काऊन म्हणत होते?"

"काल आपल्याले पोळी नव्हती भेटली," वहिनी म्हणाली.

मग तिनं उरलेले दीरही एकेक करून घालवले, डब्यातली उरलेली अख्खी पोळी हातात घेतली, "एक छेद एक" म्हणाली आणि खाऊन टाकली.

त्यानंतरच्या चाचणीत हा प्रश्न बहुतेकांना आला. आठवड्याभरानं त्या पोरीची आई शाळेत आली. "मॅडम, घरी पाहुणे आले का पोरगी दारात उभी राहून त्याईले मोजते. मले लाज वाटते."

मी माफी मागितली. पण त्या घरात अपूर्णांक पोचला होता, आणि माझ्या चेहऱ्यावरून ते त्या माउलीला कळलं असावं, कारण जाताना तीही हसली.