शकुनताईंचं वकीलपत्र

तिवशाच्या भाजीबाजारात शकुनताईंकडे गेलं की सांबाराच्या जुडीसोबत अर्धा खून मिळतो. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं. खून अर्धा अशासाठी, की ताईंच्या गोष्टीत प्रेत सापडतं, पोलीस येतात, संशय पुतण्यावर जातो आणि नेमकं तिथे ताई वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणतात, "बाकीचं उद्या." दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक हजर. घरात भाजी असली तरी हजर. त्यांचे यजमान देवीदासभाऊ म्हणतात, "आमच्या वांग्याइले कोनी पुसत नाई. लोकं खुनासाठी येतात."

ताईंचं माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. दहावीपर्यंत शाळा झाली, मग लग्न, मग तिवशाच्या काळ्या रानात वांगी, पालक, सांबार. एकदा बांधावरून पडून पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये आणि बाई खाटेवर, म्हणून शेजारणीने एक जाडजूड रहस्यकथा वाचायला आणून दिली. प्लास्टर निघालं, वेड राहिलं.

अमरावतीला आमचं वाचक मंडळ महिन्यातून एकदा भरतं. मी पोस्टात नोकरी करते आणि मंडळात भांडते. देवीदासभाऊ भाजीची गाडी घेऊन अमरावतीला येत, त्याच गाडीत बसून शकुनताई मंडळात येऊ लागल्या. आमच्या अध्यक्ष गीतांजलीबाई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. बाई मनाने भल्या, पण कान फार तिखट. कुणी बोलताना घसरलं की त्यांचं पेन टेबलावर टक् वाजतं. पहिल्याच बैठकीत शकुनताई उठल्या, "मले हे पुस्तक..." एवढं म्हणाल्या आणि टक्. "मला," बाई हसून म्हणाल्या. ताईंनीही "मला" म्हटलं आणि पुढचं सगळं विसरल्या. त्यानंतर त्या नुसत्या ऐकत बसायच्या. बाजारात दहा गिऱ्हाइकांना खिळवून ठेवणारी बाई आमच्याकडे तोंड मिटून बसते, हे पाहून मला त्या पेनचा राग यायचा.

मंडळाचा एक नियम आहे. दर महिन्याचं पुस्तक एकेक सभासद पाळीने निवडतो, आणि चर्चेच्या शेवटी त्यानेच उभं राहून पुस्तकाची बाजू मांडायची. मग जे पुस्तकाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करायचे. बहुमत विरोधात गेलं की त्याची पाळी कायमची बाद. शकुनताई या पाळीची वाट पाहत होत्या. पुस्तक निवडावं, आणि शहरातल्या शहाण्यांनी ते वाचावं, एवढीच त्यांची हौस. पण त्यासाठी बोलावं लागणार होतं.

त्यांनी 'साक्ष अर्धीच राहिली' निवडली. ही कोर्टातली थरारकथा तेव्हा पुण्यामुंबईत धडाधड खपत होती. गोष्ट अशी: वऱ्हाडातल्या एका कापसाच्या जिनिंगमालकाचा खून होतो, खटला मुंबईला जातो आणि म्हातारा चौकीदार साक्ष देतो, "मी गेलो तवा हा मालकाले मारून राहिला होता." मुंबईचं कोर्ट समजतं, मालकाला ठार मारून आरोपी तिथेच राहिला. आरोपी फासापर्यंत जातो. शेवटी, तीनशेव्या पानाच्या आसपास, एक तरुण वकीलबाई सांगते की 'मारून राहिला होता' म्हणजे 'मारत होता'. मालक तेव्हा जिवंत होता, खून नंतर दुसऱ्याच कुणी केला.

पुण्याच्या वाचकांनी इंटरनेटवर लिहिलं होतं, 'शेवट वाचून हादरलो!' आमच्याकडे कुणीच हादरलं नाही. साक्ष चाळिसाव्या पानावर आहे, आणि आरोपी सुटणार हे अख्ख्या वऱ्हाडाला चाळिसाव्या पानावरच कळलं होतं.

त्या दिवशीची बैठक म्हणजे पुस्तकाची सालटी काढणं होतं. अकोल्याहून येणारे जानराव वकील म्हणाले, "असा उठून खटला मुंबईला वर्ग होत नसतो. आणि असली उलटतपासणी मी केली असती तर पक्षकाराने मलाच घरी पाठवून दिलं असतं." औषधाच्या दुकानवाल्या कुंदनने सांगितलं की बायकोला पुस्तक इतकं आवडलं की दोन वेळा भाजी करपली, त्याला मात्र सुरुवातीलाच झोप आली. मी म्हणाले, नायिका दर दुसऱ्या पानावर केस मागे सारते, तिला एक क्लिप द्या. लोक हसले. पण तक्रार सगळ्यांची एकच: रहस्यकथेत रहस्यच नाही. हसताना माझं लक्ष शकुनताईंकडे गेलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. देवीदासभाऊ गाडी लावून आले होते आणि दाराशी उभे होते.

बाईंनी नाव पुकारलं. ताई उठल्या. मोनालीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, भाषण शुद्ध मराठीत लिहून दिलं होतं. "आदरणीय अध्यक्ष, मला या कादंबरीची... कादंबरीतली..." ताई थांबल्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यांनी कागदाची घडी केली आणि ब्लाउजात खोचली.

"मले..." टक्.

"वाजवा बाई," शकुनताई म्हणाल्या. "तुमी वाजवून राहा, मी बोलून राहते."

गीतांजलीबाईंचं पेन हवेतच राहिलं.

"वकीलसाहेब, खटला तसा मुंबईले जात नाई, मान्य. तुमाले जास्त समजते. पोस्टवाल्या मॅडम, थे केसाचंबी मान्य, मलेबी तिचा राग आला. पन तुमी सारे मनून राहिले का रहस्य चाळिसाव्या पानावर फुटलं. कावून फुटलं? तो चौकीदार तुमच्या मायसारखा बोलते मनून फुटलं! आजवर म्या जेवढे जाडे पुस्तकं उघडले, त्यात मीच अडून बसली. ह्या शब्दाचा अर्थ काय, त्या शब्दाचा अर्थ काय. हे पयलं पुस्तक हाये जिथं पुन्याचा मानूस अंधारात चाचपडून राहिला अन् मी उजेडात बसून हाये."

कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत.

"अन् रहस्य नाई मंता? मले घाम फुटला होता. अडीचशे पानं मी ओरडून राहिली, जज्जसाहेब, तो मालक जित्ता हाये! पन कोनाले ऐकू येईना. त्या बुढ्यानं खरं सांगतलं होतं, साफ सांगतलं होतं. त्याची बोली कोनाले समजली नाई मनून एक गरीब फासावर चालला होता. पुन्यावाल्याइले भेव वाटते का खुनी कोन. मले भेव वाटत होतं का आपलं कोनी ऐकन का नाई." त्या गीतांजलीबाईंकडे वळल्या. "मीबी इथं एक डाव 'मले' मनली अन् खाली बसली. माहीबी साक्ष अर्धीच राहिली होती. आज पुरी केली. आता हात वर करा, नाईतर नका करू."

आणि त्या बसल्या.

पहिला हात जानरावांचा वर गेला. "कायद्याच्या बाजूनं पुस्तक कच्चंच आहे," ते म्हणाले, "पण वकीलपत्र तगडं आहे." मग कुंदन, मग मागची रांग, मग खिडकीजवळच्या दोघी. मी हात वर केला नाही. मला ते पुस्तक आजही आवडत नाही, आणि नायिकेला क्लिप हवीच. पण माझ्या एका हाताने आता काही अडणार नव्हतं, हे दिसतच होतं, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. दारातून देवीदासभाऊंनी दोन्ही हात वर केले. ते मंडळाचे सभासद नाहीत आणि त्यांनी पुस्तक वाचलेलंही नव्हतं, म्हणून त्यांचे हात मोजले नाहीत.

निकाल अध्यक्षांनी सांगायचा असतो. गीतांजलीबाई उठल्या. चष्मा पुसला, घसा साफ केला. जन्मभर अमरावतीत राहिलेल्या या बाईंच्या तोंडून आम्ही कधी एक 'ले' ऐकला नव्हता. त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं.

"शकुनताई," त्या म्हणाल्या, "आमी तुमच्या पुस्तकाले निर्दोष सोडून राहिलो."

मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.