शनिवारी चार वाजता, हॉट चॉकलेट

आमच्याकडे किस्से कुणी जमवत नाही. स्टुटगार्टच्या चढावरच्या एका केकवाल्या कॅफेत दर शनिवारी चार वाजता आम्ही तीन-चार मराठी मंडळी टेकतो आणि ते आपोआप साठत जातात. हॉट चॉकलेट फर्स्टक्लास, चेरीचा केक त्याहून भारी. करमणूक आमची आम्हीच करतो.

*

सुहास कोल्हापूरचा. तिकडे तीनदा 'नको' म्हटल्यावरच खायला सुरुवात करायची पद्धत! इथे नवा असताना त्याच्या जर्मन बॉसनं आम्हा सगळ्यांना याच कॅफेत बोलावलं. केकचा दुसरा तुकडा सुहासपुढे केला.

"नको नको, पोट भरलं," सुहास म्हणाला.

"ओके," बॉस म्हणाला आणि तो तुकडा स्वतःच खाऊन टाकला! सुहास काटा हातात धरून बघत राहिला.

*

आमच्यातल्या मंदारची आई, म्हणजे आमच्या काकू, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या. काचेमागे केकच केक.

"यातलं बिनअंड्याचं कुठलं, विचार रे त्यांना."

मंदारनं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी एकेक केक शांतपणे नजरेखालून घातला. आणि शेवटी बोट ठेवलं ते मेन्यूकार्डातल्या हॉट चॉकलेटवर.

*

पहिला घोट घेऊन काकू मला म्हणाल्या, "कडू आहे गं. जायफळ हवं." आणि पर्समधून डबी काढली!

"अगं आई, इथे असलं चालत नाही!" मंदार कळवळला. तेवढ्यात काउंटरवरच्या बाई आल्याच. त्यांनी डबी उचलली, वास घेतला. मेलो, म्हटलं! बाई आत गेल्या आणि स्वतःचा कप घेऊन आल्या.

*

मग संकष्टी आली. उपवासाला हॉट चॉकलेट चालतं का?

"दूध चालतं, साखर चालते. कोको म्हणजे झाडाची बी. वर साय. यात न चालण्यासारखं आहे काय?" काकूंनी निकाल दिला आणि दोन कप प्यायल्या. सुहासनंही तिथल्या तिथे उपवास धरला.

*

काकूंचं सगळ्यांशी जमलं, जमलं नाही ते नातीशी. ओवी सहा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "एक वाक्य बोल गं माझ्याशी, एकच!" काकू रोज म्हणायच्या. ओवी हसायची आणि जर्मनमध्ये काहीतरी सांगायची. "बोलेल गं आई," मंदार म्हणायचा. काकूंना ते फार लागलं होतं. दिसायचं आम्हाला.

शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी विमान. काकूंनी पुन्हा विचारलं, "ओवी, आजीची आठवण येईल का गं?"

ओवीनं उत्तर दिलं. चांगलं लांबलचक. जर्मनमध्ये.

काकूंचा धीर सुटला. खुर्ची मागे सारून त्या उठल्या. "राहू दे! तीन महिने भिंतीशी बोलले मी. जाते आता!"

ओवीच्या ओठांवर क्रीम लागलेलं. तिनं आजीचा पदर धरला आणि खणखणीत मराठीत म्हणाली,

"आजी, 'जाते' नाही म्हणायचं. 'येते' म्हणायचं."

काकू मटकन खाली बसल्या.

"मंदार," त्या म्हणाल्या, "हिला अजून एक चॉकलेट सांग."