विहिणीला दाखवलेली डोंबिवली

मंदाताई मांडीपर्यंत चिखलात गेल्या होत्या आणि खाडीचं पाणी परत यायला लागलं होतं. त्या रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ छातीशी धरून एक पाय उपसायला जात, की दुसरा आणखी खाली जाई. उन्हं कलली होती आणि सगळा गाळ असा चकाकत होता, जसं नुकतंच कुणी अंगण सारवून ठेवलंय. त्या गाळाला खारट, कुबट वास असतो. मी त्या वासात वाढले, मला तो घरचा वाटतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

मंदाताई माझ्या सुनेची आई. सांगोल्याकडच्या एका खेड्यातून लेकीच्या डोहाळजेवणाला आल्या होत्या. कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेले आणि विहिणीला गाव दाखवायचं माझ्याकडे आलं. आता डोंबिवलीत दाखवायचं काय? मी इथलीच, खाडीकाठची, चौथीपर्यंत शिकलेली, लग्नही इथेच झालं. पण आपलं गाव बघायचं असतं हे मला कधी सुचलं नव्हतं. गणपतीच्या देवळात नेलं. फडके रोडवर मी माझ्यासाठी गजरा घेतला. तो त्यांनी ओंजळीत धरला, डोळे मिटून वास घेतला आणि परत दिला. कल्याणला दुर्गाडीवर चढवलं. पुढच्या दिवशी ठाण्याला तलावपाळीवर शेंगा खात बसवलं. सगळीकडे आपलं एकच, "चांगलं हाय."

मला रागच आला. "विहीणबाई, आमचं काहीच आवडेना होय तुम्हाला?"

"आवडतंय की. पर समदीकडं माणसंच माणसं. जरा वाहतं पाणी दावा."

म्हणून तिसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर रिक्षाने रेतीबंदरावर गेलो. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मध्ये तो गुळगुळीत करडा पट्टा, त्यावर बगळे.

"ही नदीच ना ओ?"

"वर नदी. इथं खाडी."

"वाहतीया न्हवं? मग झालं."

मी रस्त्यापलीकडे सुकट घ्यायला गेले. परत आले तर त्या काठावर नव्हत्या.

त्यांची नदी वर्षातले दहा महिने कोरडी. पाणी उतरलं की पात्रात उतरायचं, वाळूतून पलीकडे जायचं, हे त्यांचं लहानपणापासूनचं चालणं. आमच्याकडे पाणी उतरल्यावर जी जमीन दिसते ती जमीन नसते. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आपल्याला जे जन्मापासून माहीत असतं, ते सांगायचं राहून जातं.

"पाय उपसू नका! आडव्या व्हा!"

"आडवी? ह्या घाणीत?"

"घाण नाही ती. निजा म्हणते ना!"

मी पोटावर झोपले आणि सरपटत निघाले. लहानपणी आईबरोबर निवट्या, म्हणजे गाळातले मासे, धरायला जायची, तेव्हा अशीच जायची. पुढे लग्न, लेकरं, गुडघे, आणि सत्तरीत अंगाला ते सगळं आठवलं, मला आठवायच्या आधी. जवळ पोचले तेव्हा पाणी त्यांच्या कंबरेशी आलं होतं.

"तो नारळ टाका आधी. दोन्ही हात द्या."

"टाकनार न्हाई. सोडीन."

आणि त्या बाईने, मरायला टेकलेल्या बाईने, तो खण, त्यातली तांदळाची पुडी, तो नारळ सावकाश पाण्यावर ठेवला आणि हात जोडले. मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग त्या आडव्या झाल्या. होडीवरचा एक कोळी हाका ऐकून धावत आला होता. "मावशे, फली सोडतंय, धर गो!" फळीवर छाती टाकून, पाय हलके हलके हलवत, त्या एक एक बोट गाळातून सुटत गेल्या. एक चप्पल आतच राहिली.

काठावर चार माणसं जमली होती. आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत करड्या. कोळ्याने विचारलं, "बुरलेली कंची यातली?" आणि कुणालाच सांगता येईना.

धाप ओसरल्यावर मंदाताई म्हणाल्या, "पोरीची वटी समद्यांनी भरली. माज्या कपाळाला कुकू न्हाई, मी कशी भरू. म्हनलं नदीची भरावी. तिला काय, कुनाचंबी चालतं. तुमी बघितलं तर लाज वाटंल, म्हनून तुमची पाठ वळायची वाट बघत हुते."

डोहाळजेवणाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. बाहेर गाणी चालली होती, हसणं चाललं होतं, आणि त्या दर थोड्या वेळाने दाराच्या फटीतून लेकीकडे बघत होत्या. हे मी पाहिलं होतं. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. माझे मालक आतल्या खोलीत टीव्ही बघत होते, म्हणून पहिली ओटी माझी होती. तेवढाच काय तो माझ्यात आणि त्यांच्यात फरक.

घरी मोरीत बसून आम्ही एकमेकींच्या पाठी घासल्या. नखांतला गाळ निघाला नाही.

सकाळी त्या निघायच्या आधी मी ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढून ठेवलं, सुनेला पाटावर बसवलं, ताट मंदाताईंच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. बाहेरचं मला काही ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. बरोबर केलं की नाही मला माहीत नाही. माझी आई असती तर दोन दिवस बोलली नसती.

अजून कुणी पाहुणा विचारतो, इथं बघण्यासारखं काय आहे? मी खाडीवर नेते, भरतीच्या वेळी, आणि काठावरूनच दाखवते. तो नारळ कुठे लागला कोण जाणे. त्या संध्याकाळी चिखलातून दोघी जणी जिवंत बाहेर आल्या. मंदाताई आणि मी.