आईनं परस्पर दिलेलं उत्तर

मने, फोन जरा कानाशी धर वं. "आई, कमरेतल्या इंजेक्शनचं तूच ठरव," असं काहून म्हणतेस? कळा तर तुले सोसायच्या आहेत.

तुह्या बाळंतपणासाठी आज ओवा भाजून राहिली, तर त्या वासानं अमरावतीच्या दवाखान्यातली दुपार आठवली. तू पोटात होतीस. कळांनी मी खाटेची दांडी आवळून धरली होती. डॉक्टरीणबाईनं दुखणं कमी करायच्या इंजेक्शनचं विचारलं, तशी मी म्हटलं, "माय, मले पायजे. सांग त्यायले."

"सांगून येतो," म्हणत मायनं ओव्याच्या वासाचा हात माह्या कपाळावरून फिरवला.

मी दरवाजाकडं पाहत राहिली. भूल देणारे डॉक्टर आलेच नाहीत. तू झाल्यावर नर्स म्हणाली, "तुमच्या आईनंच नको म्हटलं नं."

मायले विचारलं तर म्हणे, "पहिलं बाळंतपण माहेरचं. उद्या तुही कंबर दुखली, तर तुही सासू माह्याच नावानं खडे फोडंन."

आज तिची भीती समजते. पण खोटं बोलताना इतक्या मायेनं फिरवलेला तो हात मले अजून माफ करता येत नाही.

आपण दोघी डॉक्टरीणबाईकडं जाऊ. हो का नाही, ते तूच बोल. अकोल्याहून लवकर निघून ये वं.