अकरा टिकतात, नऊ नाही

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत मावशींचं बाइंडिंगचं दुकान होतं. विद्यार्थी त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून प्राध्यापकही म्हणायला लागले. बारावीनंतर मावशींचं शिक्षण सुटलं ते सुटलंच, पण सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारो प्रबंध गेले होते. डिंक, दोरा, पुठ्ठा आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं. आतलं त्यांना फारसं कळायचं नाही, पण पानं उलटीसुलटी लागली नाहीत ना हे बघताना नजर फिरायचीच.

त्यांच्या लेकीला रसायनशास्त्र शिकायचं होतं, आणि दोन ठिकाणांहून होकार आला होता. एक लांबच्या शहरातलं नावाजलेलं कॉलेज. दुसरं हेच, गल्लीतलं विद्यापीठ; पण इथे तिला ऑनर्समध्ये घेतलं होतं. वीसच मुलं, वेगळे वर्ग, दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत संशोधन. अट एकच, गुण ठरावीक रेषेच्या खाली जाता कामा नयेत. ऑनर्स त्या मोठ्या कॉलेजातही होतं, तिथे मागेल त्याला मिळायचं.

"मागेल त्याला मिळतं ते कसलं आलंय ऑनर्स?" मावशी म्हणाल्या.

त्यांचे यजमान पोस्टात होते. ते म्हणाले, "कॉलेजचं नाव जन्मभर पुरतं. हे ऑनर्स-बिनर्स कोण विचारतंय?"

लेक म्हणाली, "मला अजून ठरवायचंय," आणि उठून गेली.

मावशींना ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नव्हती. दुकानात येईल त्या पोराला त्या ऑनर्सबद्दल सरळ विचारू लागल्या. एक म्हणाला, "मावशी, एक पेपर जास्त आणि सर्टिफिकेटवर एक ओळ जास्त. बाकी काही नाही." त्याच दिवशी आलेली एक मुलगी म्हणाली, "माझं आयुष्य बदललं हो." आता विश्वास कोणावर ठेवायचा? मग त्यांना एक गोष्ट सुचली. बांधायला आलेल्या अहवालांतलं आभाराचं पान त्या वाचू लागल्या. इतरांच्या पानावर ठरलेलं वाक्य असायचं, 'मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल.' ऑनर्सच्या पोरांनी मात्र लिहिलेलं असायचं: सरांनी माझा तिसरा मसुदा परत केला. मॅडमनी रविवारी येऊन यंत्र दुरुस्त केलं. एकाने तर लिहिलं होतं, माझं उत्तर चुकलंय हे सरांनी मला स्वतः शोधू दिलं, त्यात दोन महिने गेले.

हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा लेक हसत सुटली. "आई, आभार वाचून कॉलेज निवडायचं?"

"मग काय इमारत बघून निवडायचं?"

पण हसता हसता ती इथला विभाग बघायला तयार झाली. दोघी विभागात गेल्या. ऑनर्सचे प्रमुख बेसिनपाशी उभे राहून स्वतःच काचेची भांडी विसळत होते. आदल्या बॅचने नीट धुतली नव्हती म्हणे. लेकीने आडपडदा न ठेवता विचारलं, "सर, वीसपैकी शेवटपर्यंत किती टिकतात?"

"अकरा. कधी बारा."

"आणि बाकीचे?"

"साधी पदवी घेतात. काही जण रडतात. दोघं-तिघं तरीही प्रयोगशाळेत येत राहतात. मी नाही म्हणत नाही."

त्या मोठ्या कॉलेजात लेकीने हाच प्रश्न फोनवर विचारला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे सगळेच यशस्वी होतात." फोन ठेवून ती म्हणाली, "मी इथेच प्रवेश घेते." यजमानांनी तिसऱ्या दिवशी फॉर्मवर सही केली.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी गणिताने मानगूट धरली. गुण रेषेच्या थोडेसेच खाली आले, पण रेष ती रेष. पुढच्या सहामाहीत सुधारायची संधी होती, तीही हुकली. ऑनर्स गेलं.

मावशींना जेवण जाईना. आपणच पोरीला या वाटेला लावलं, हे मनातून हलेना. शेवटी एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी लेकीला विचारलंच, "माझं चुकलं का गं?"

"अकरा टिकतात म्हणाले होते ना सर? म्हणजे नऊ टिकत नाहीत, हेही तेव्हाच कळलं होतं मला." मग म्हणाली, "वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण तुझं नाही चुकलं."

ती प्रयोगशाळेत जात राहिली. प्रमुखांनी नाही म्हटलं नाही. पाण्यातले धातू मोजायचं काम तिथेच हाताला बसलं, आणि साधी पदवी घेऊन ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागली. मुलाखतीत ऑनर्सचं कोणी विचारलं नाही. एक नमुना समोर ठेवला आणि म्हणाले, करून दाखवा.

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात तिचा दुकानात फोन आला. आवाज अगदी सरकारी.

"आई, आपल्या भागातल्या टाकीचा नमुना नापास केलाय मी. मी कळवेपर्यंत ते पाणी पिऊ नका, धातू उकळून जात नाहीत. आणि बाबांनाही सांग, ते ऐकत नाहीत."