पतीचे नाव : फक्त अक्षरे

“नवऱ्यानं सोडली म्हणून काय झालं बाई, त्याला नाव तर असंल की!” सेतू केंद्रातला माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला.

लेकीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. त्यासाठी माझ्या उत्पन्नाचा दाखला हवा होता. ती शेजारीच उभी होती. नवरा चाकूरला मास्तर आहे. लेक रांगत होती तेव्हा त्यानं मला घराबाहेर काढलं. अर्धापूरला केळीच्या वखारीत राबून मी तिला वाढवलं. आता त्याचं नाव घातलं की त्याचा पगार धरणार, त्याची सही मागणार. त्याच्या दारात मी जाणार नव्हते.

“ती नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी सोडा,” मी म्हणाले.

“मशीन सोडू देत न्हाई.”

“मग रेघ मारा.”

त्यानं मारली. पडद्यावर लाल ओळ आली : फक्त अक्षरे भरा. टिंब दिलं. शून्य दिलं. पुन्हा लाल.

त्यानं माझं आडनाव वाचलं. “तुमच्यात तर पाट लावत्यात. नव्याचं नाव सांगा की. लाजता कशाला?”

आम्ही बौद्ध. ‘तुमच्यात’ म्हणजे कुणात, ते रांगेला बरोबर कळलं. हशा पिकला. मग त्यानं टाइप केलं : टाकलेली. लाल ओळ गेली.

“घेतलं बघा! ह्ये बराबर बसलं.”

मी लेकीकडं पाहिलं. लाज झाकायला तीही हसत होती.

मी पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

“पुस ते.”

“ओ बाई, नीट बोला.”

“पुस. माझ्या आईचं नाव घाल.”

“बाईचं नाव कसं चालंल?”

“अक्षरंच हायेत न्हवं?”

मशीननं घेतलं. माणसांनी नाही. तहसीलातून अर्ज परत आला. बिनसहीचा शेरा : पतीचे नाव अयोग्य. तोवर प्रवेशाची मुदत संपली. लेकीची जागा दुसरीला गेली.

“त्याचं नाव घातलं असतं तर तुझं काय झिजलं असतं?” लेक म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही. तिचं वर्ष माझ्या हट्टानं गेलं, असं ती मानते. मानू दे.

सोमवारी तहसीलदारांपुढं बसणार आहे. अर्ज तोच, आईचं नाव तेच. नाही म्हणायचं असेल तर कागदावर म्हणा, खाली सही करा. मी तो कागद घेऊन वरच्या साहेबांकडं जाईन. बिनसहीचं ‘नाही’ मी यापुढं ऐकणार नाही.