नखं काढून बसणारा जुगारी

ती केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता आणि मी तीर्थपुरीच्या चौकीवर जमादार होतो. शिक्षण चौथी. पण माझ्या हातचा पंचनामा कोर्टात टिकायचा, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगीन.

बाजाराचा दिवस होता. दुपारी कापसाचा एक अडत्या चौकीत आला. जुगाराची खबर द्यायला लोक दुसऱ्या कुणाला तरी पुढं करतात, हा स्वतः आला. म्हणाला, "जमादारसाहेब, सरकीच्या गोदामात तीन पत्तीचा फड चालू हाय. मी नुसता उभा राहून बघितला, खेळलो बिलकुल न्हाई. जालन्याचा एक जण सगळ्यायला लुटून राह्यला. पत्त्याच्या पाठीवर, कोपऱ्यात, नखाच्या खुणा करून ठेवल्यात त्यानं. जल्दी चला."

दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन छापा घातला. माणसं, पत्ते, पैसे, सगळं जागेवर सापडलं. खुणा मात्र दिसेनात. पत्ते दारात नेऊन उन्हात तिरपे धरले तेव्हा कुठं दिसल्या. एक्क्यावर, राजावर, बारीक चंद्रकोरीसारख्या.

तो जालन्याचा माणूस राहायला जुन्या जालन्यात. आधी जिनिंगमध्ये हमाल होता. गाड्या येईपर्यंत हमाल पत्ते कुटायचे, तिथं हा शिकला आणि पुढं त्यावरच घर चालवू लागला. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावची जत्रा. एस.टी.नं जायचं, दारूला शिवायचं नाही, पोटभर जेवून फडावर बसायचं नाही, पत्ते वाईट पडायला लागले की उठायचं. नोकरदाराला लाजवील अशी शिस्त. अटकेचा फॉर्म भरताना मी विचारलं, "धंदा?"

"पत्ते."

पोलीस ठाण्याहून आलेले फौजदारसाहेब शेजारी बसले होते. ते हसले. "मजुरी लिहा, जमादार." मी लिहिलं.

नुसता जुगार असता तर दंड भरून सुटला असता. पण साहेबांना खुणांबद्दल चारशे वीस लावायचं होतं. तो म्हणाला, "जुगाराचं काय लावायचं ते लावा. खुणा माझ्या न्हाईत."

"मंग कोणाच्या?"

दम दिला, चहा पाजला, एकटा बसवून ठेवला. दर वेळी तेच, खुणा माझ्या न्हाईत. कोणाच्या, ते सांगेना.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भाकरी बांधून आली. मला म्हणाली, "दादा, लबाड म्हणून नाव झालं तर ह्यांना कोण फडावर बसू दील? आमची चूल पत्त्यावर पेटती. पित न्हाईत, खात न्हाईत. एकच वाईट काम करतेत, ते तरी इमानानं करतेत!"

शिपाई खो खो हसले. मी हसू दाबलं.

मग बोटांचे ठसे घ्यायला मी त्याचा हात हातात घेतला आणि थांबलो. दहाही नखं पार मांसापर्यंत काढलेली. "हे काय रे?"

"बसायच्या आधी सगळ्यायसमोर काढतो, साहेब. मंग कोणी शक घ्यायला नको."

पकडलेल्या बाकीच्यांना वेगवेगळं विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. असल्या बोटांनी लोण्यावरसुद्धा नखाची खूण उठली नसती. आणि ज्या खुणा मला उन्हात धरून शोधाव्या लागल्या, त्या अडत्याला गोदामाच्या अंधारात लांबून कशा दिसल्या? साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "जमादार, जुगाऱ्याची वकिली करता काय?"

"साहेब, जुगाराची केस मीच लिहिली. दुसऱ्याची लबाडी याच्या नावावर लिहिणार नाही."

जबाबावर सही करायला अडत्याला बोलावलं. सही करताना त्याच्या करंगळीचं नख कागदावर टेकलं. लांब, हौसेनं राखलेलं. मी पत्ते पुढं केले. "शेठ, खूण कुठं हाय ते पंचांना दाखवा." त्यानं न बघता बोट फिरवलं आणि बराबर जागेवर थांबवलं.

"आता करंगळीचं नख ठेवा त्यावर."

नख खुणेत तंतोतंत बसलं. मग सगळंच बाहेर आलं. तो खेळला होता, हरला होता आणि चिडून चौकीत आला होता. एका शिपायाला राहवेना. "पण शेठ, खुणा तुमच्याच, मंग हरलात कसे?"

अडत्या रडकुंडीला आला. "पत्ता पडला की हा हाताखाली झाकायचा हो! एक कोपरा दिसू देईना!"

मी जालनेवाल्याकडं वळलो. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच डावाला."

"मंग तोंड का उघडलं न्हाईस?"

"फडावरच्या माणसाचं नाव चौकीत घेतलं, तर मंग मला कोण बसवतं, साहेब? तुम्ही काढलं, लई बरं झालं."

चारशे वीस अडत्यावर लागलं. जालनेवाल्यानं जुगाराचा दंड भरला, बायकोला घेतलं आणि एस.टी. धरली.

जुगार वाईटच. मी पुढंही छापे घातले. पण धंदा वाईट म्हणून माणूस लबाडच असणार, हे धरून चालणं मी त्या दिवसापासून सोडलं. नव्या पोरांनाही हेच सांगायचो, आधी हात बघा, मग नाव लिहा.

पुढं मी फौजदार झालो. जाफराबादकडं एका जत्रेत छापा घातला, तर तोच. केस पिकलेले. मला बघून उठला आणि दोन्ही हात पुढं केले, बोटं पसरून. "नखं बघून घ्या साहेब, मंग चला."

चौकीत मी स्वतः फॉर्म घेतला. 'मजुरी लिहा' म्हणणारं आता माझ्यावर कुणी नव्हतं. धंद्याच्या रकान्यात लिहिलं, 'पत्ते', आणि खाली सही ठोकली.